माथेफिरू ठरवायचा अधिकार कोणाचा?

मराठवाड्यात पुतळ्याची विटंबना झाली, निळा झेंडा फाडला गेला, वस्तीवर दगडफेक झाली की काही तासांतच एक शब्द बाजारात येतो : माथेफिरू. अजून डॉक्टरने तपासलेले नसते, न्यायालयात एक कागद गेलेला नसतो, आरोपीचा मोबाईल कोणी उघडून पाहिलेला नसतो. पण शब्द तयार असतो. तो एकदा छापून आला की पुढचे सगळे प्रश्न आपोआप बंद होतात. याला कोणी पाठवले? हा कोणाची भाषणे ऐकत होता? याला हाच पुतळा, हीच वस्ती का दिसली? वेड्याला कसले कारण विचारायचे!

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. आरोपी मनोरुग्ण असल्याचे सांगण्यात आले. पुढे नागपूरच्या अधिवेशनात खुद्द मुख्यमंत्र्यांनीही तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी जनता रस्त्यावर आली, पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. त्यात वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याच्याबद्दल सभागृहात काय सांगितले गेले? त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण नोंदले गेले होते. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

दोन माणसे आणि दोन आजार. ज्याने संविधानाची प्रतिकृती फोडली, त्याचा आजार त्याला गुन्ह्यातून सोडवण्यासाठी सांगितला गेला. जो संविधानाच्या आंदोलनात पकडला गेला, त्याचा आजार पोलिसांना सोडवण्यासाठी सांगितला गेला. दोन्ही वेळा निदान सत्तेच्या तोंडून आले. परभणीची हद्द नांदेडला आणि लातूरला लागून आहे. हा खेळ उद्या आपल्या गावात खेळला जाणार आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय दंड संहितेचे कलम ८४ हे वेडाच्या बचावाचे कलम. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले. त्याचा अर्थ साधा आहे. कृत्य करताना, मन विकृत झाल्यामुळे, आपण काय करतो आहोत हे किंवा जे करतो ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळण्यास जो असमर्थ असतो, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. या नियमाचे मूळ इंग्लंडमधले. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. आपल्यामागे सरकारी पक्ष लागला आहे या भ्रमाने त्याला पछाडले होते. तो वेडा ठरून सुटला, देशभर ओरड झाली आणि मग इंग्रज न्यायाधीशांनी नियम घालून दिले. आपले कलम त्याच काळातले, १८६० च्या कायद्यातले.

यात आंबेडकरी तरुणांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली : वैद्यकीय आजार वेगळा आणि कायद्याने मानलेला वेड वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. गोळ्या चालू आहेत म्हणून कोणी आपोआप सुटत नाही. दुसरी : प्रश्न कृत्याच्या क्षणाचा असतो. त्या क्षणाची मनःस्थिती त्याआधीच्या, त्यावेळच्या आणि त्यानंतरच्या वागण्यावरून तपासली जाते. तिसरी : माणूस शहाणा आहे असे कायदा गृहीत धरतो. वेडाचा बचाव घ्यायचा तर तो आरोपीने मांडायचा असतो, आणि पुराव्याने मांडायचा असतो. १९६४ च्या दाह्याभाई ठक्कर खटल्यापासून हे ठरलेले आहे. म्हणजे हा बचाव पोलीस ठाण्याच्या पायरीवर किंवा पत्रकार परिषदेत सिद्ध होत नाही.

हा बचाव कधी खरा ठरतो याचे आपल्याच राज्यातले उदाहरण पाहा. श्रीकांत आनंदराव भोसले या पोलीस शिपायाने पत्नीचा खून केला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा फायदा दिला. कशावरून? वडिलांनाही मानसिक आजार होता. त्याच्यावर १९९२ पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले. खुनाचे कारण फारच दुबळे होते. खून दिवसाढवळ्या झाला, आणि त्याने लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न केला नाही. एकेक मुद्दा कागदावर होता, म्हणून न्यायालयाने मानला. हा निकाल योग्य आहे, असेच आम्ही म्हणू.

देवाचा आदेश आणि वेड

आता धर्माच्या नावाने केलेल्या हत्येकडे येऊ. कोलकाता उच्च न्यायालयासमोर १९४८ च्या सुमारास आशिरुद्दीन अहमद याचा खटला आला होता. स्वर्गातून आदेश आल्याचे स्वप्न पाहून त्याने आपल्या पाच वर्षांच्या मुलाचा बळी दिला. न्यायालयाने त्याला वेडाचा फायदा दिला. दहा वर्षांनंतर, १९५९ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने लक्ष्मी खटल्यात या विचारावर आक्षेप घेतला. तिथे मांडलेला मुद्दा आजच्या चर्चेचा गाभा आहे : माणसाला काय वाटत होते हा प्रश्न नाही. चूक काय, बरोबर काय हे समजण्याची क्षमताच त्याच्यात उरली होती का, हा प्रश्न आहे. चुकीची श्रद्धा असणे वेगळे आणि समजण्याची क्षमता नष्ट होणे वेगळे.

हा फरक पकडून ठेवा. लातूर-नांदेडच्या खेड्यांत भानामतीच्या नावाने बाईला मारझोड होते. मारणाऱ्याला खात्री असते की तिनेच करणी केली. पण आपण एका बाईला मारतो आहोत आणि पोलीस आले तर आपल्याला पकडतील, हे त्याला पक्के कळते. म्हणूनच तो साक्षीदारांना दम देतो. त्याची श्रद्धा खोटी आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. आपला धर्म बुडवणाऱ्याला संपवणे पुण्याचे आहे असे मानणाऱ्याचेही तसेच. त्याला कृत्य बेकायदा आहे हे कळते. फक्त कायद्यापेक्षा आपला धर्म मोठा आहे असे तो मानतो. यालाच विचारसरणी म्हणतात. यावर मनोविकाराची गोळी नसते.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आधी मीणा समाजातल्या आपल्याच वरिष्ठाला आणि मग वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. मेलेल्यांपैकी एक मूळचा बिदर भागातला, म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचा. मृतदेहाशेजारी उभे राहून त्याने केलेले राजकीय भाषण देशाने व्हिडिओत पाहिले. पहिल्या दिवसापासून चर्चा कशाची होती? त्याच्या तापट स्वभावाची आणि मानसिक आजाराची. जामीन मागतानाही त्याला भ्रम होतात असे सांगण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने जामीन नाकारला आणि त्याच्या तोंडच्या शब्दांवरून तो विशिष्ट समाजाच्या लोकांना मारण्याच्या ठाम मनःस्थितीत होता, असे निरीक्षण नोंदवले. वेडाचा बचाव टिकतो की नाही हे खटल्यातल्या पुराव्यावर ठरेल, आणि तसेच ठरले पाहिजे. पण आमचा सवाल राहतोच. समजा आजार खरा निघाला, तरी भरलेल्या गाडीतून त्याने दाढी आणि टोपी कशी वेचून काढली? हे वेचणे त्याला कोणी शिकवले?

नांदेड-लातूरची यादी

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, सुगावात जनार्दन मवाडे मारले गेले. गावोगाव घरे जळाली. जाळणाऱ्यांना एकाच वेळी वेड लागले होते का? त्यांना कोणते घर जाळायचे आणि कोणते सोडायचे हे अंधारातही कळत होते.

फेब्रुवारी २०१६, लातूर जिल्ह्यातले रेणापूर तालुक्यातले पानगाव. शिवजयंतीच्या झेंड्यावरून वाद झाला आणि दुसऱ्या दिवशी जमावाने एका मुस्लिम सहायक फौजदाराला मारहाण करून, हातात भगवा देऊन त्याची धिंड काढली. १ जून २०२३, नांदेडजवळचे बोंढार हवेली. हातात शस्त्रे नाचवत वरात निघाली होती आणि २४ वर्षांच्या अक्षय भालेरावचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे फिर्यादीत म्हटले आहे.

यातल्या कोणत्याही प्रकरणात जमावाला मनोरुग्ण म्हणता येत नाही. तिथे मग दुसरे शब्द येतात. उन्माद. गर्दीचे मानसशास्त्र. दारूच्या नशेतला प्रकार. किरकोळ वाद. कायद्यात तर स्वतःहून घेतलेल्या नशेला माफी नाही, पण गावगप्पांत आणि बातमीत ती रोज मिळते. २००६ च्या खैरलांजीत चार जणांना मारले गेले आणि शिक्षा होऊनही ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम टिकले नाही. जातीचा हेतू गळून पडला, वैयक्तिक सूड उरला. माथेफिरू हा शब्दही हेच काम करतो. खून शिल्लक ठेवतो आणि हेतू पुसून टाकतो. हेतू पुसला की त्यामागची संघटना, भाषण, व्यासपीठ, सगळेच पुसले जाते.

बाबासाहेबांनी यांना वेडे म्हटले नाही

१९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळातून सोडवून ठेवला आहे. जात पाळणारे लोक दुष्ट आहेत किंवा त्यांचे डोके फिरले आहे म्हणून जात पाळतात, असे त्यांनी मानले नाही. ते अत्यंत धार्मिक आहेत म्हणून पाळतात, असे त्यांचे निदान होते. म्हणून शत्रू माणूस नसून त्याला जात शिकवणारी शास्त्रे आहेत, आणि घाव त्यांच्या पावित्र्यावर घातला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विचार करा, बाबासाहेबांनी सवर्णांना वेडे म्हणून सोडून दिले असते तर? मग मनुस्मृतीला जाब विचारण्याची गरजच उरली नसती. वेड्यांसाठी डॉक्टर बोलावला असता आणि धर्मग्रंथ सोवळ्यात सुरक्षित राहिला असता.

गांधींच्या खुनानंतर त्याच रात्री नेहरूंनी रेडिओवरून मारेकऱ्याला वेडा म्हटले. पण त्याच दमात देशात पसरवलेल्या विषाबद्दलही ते बोलले आणि ते विष उपटून काढायला सांगितले. आपल्या सार्वजनिक स्मृतीत वेडा राहिला, विष विसरले गेले. नथुरामने स्वतः वेडाचा बचाव घेतला नाही. लाल किल्ल्यातल्या खटल्यात त्याने लांबलचक निवेदन देऊन खुनाची कारणे सांगितली, आणि अपिलातही खुनाच्या शिक्षेला आव्हान न देता फक्त कटाचा आरोप नाकारला. म्हणजे हेतू सांगायला तो तयार होता, सोबती सांगायला तयार नव्हता. दाभोलकरांच्या खुनातही तेच. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. शिक्षा झालेली दोन्ही पोरे आपल्या औरंगाबादकडची. गोळी झाडणारे सापडले, खरा सूत्रधार तपास यंत्रणांना शोधता आला नाही, असे न्यायालयालाच म्हणावे लागले.

मग कलमच काढून टाकायचे का?

काही तरुण चिडून म्हणतात की वेडाचा बचावच रद्द करा. आम्हाला हे मान्य नाही. ज्याला आपण काय केले हेच कळत नाही त्याला फासावर देणे हा न्याय नाही, ते फक्त हात धुऊन घेणे आहे. शिवाय वेड सिद्ध झाले म्हणजे माणूस मोकळा फिरतो असेही नाही. कृत्य त्याने केले की नाही हे न्यायालयाला नोंदवावेच लागते, आणि त्याला सुरक्षित कोठडीत किंवा उपचारात ठेवण्याची तरतूद आहे.

आणि या कलमाची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे? आपल्याच माणसांना. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. जालन्याला नवे मंजूर व्हायला इतकी वर्षे गेली. मुखेड-किनवटच्या किंवा औसा-निलंग्याच्या खेड्यातला शेतमजूर आजारी पडला की त्याला आधी देवऋषाकडे नेतात. त्याची कुठे फाईल नसते, जुनी चिठ्ठी नसते. उद्या त्याच्या हातून काही घडले तर न्यायालयात दाखवायला काय आहे? भोसले खटल्यात २५ भेटींची नोंद होती. आपल्या वस्तीतल्या खऱ्या आजारी माणसाकडे एक कागद नाही, आणि पुतळा फोडणाऱ्याचे निदान मात्र संध्याकाळच्या बातम्यांत येते. विषमता इथे आहे. लढायचे ते या विषमतेशी.

दुसरी गोष्ट. द्वेष करणाऱ्या प्रत्येकाला वेडा म्हणणे हा मानसिक आजार असलेल्या लाखो निरपराध माणसांचा अपमान आहे. ते बहुतेक कोणालाही इजा करत नाहीत, उलट तेच मार खातात. आणि आजार खरा असला तरी चौकशी संपत नाही. आजार माणसाला भास देतो. त्या भासात शत्रू कोण असेल, हे मात्र आजूबाजूचा समाज भरतो. नॉर्वेमध्ये २०११ साली आंद्रेस ब्रेविकने ७७ जणांना मारले. पहिल्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. लोकांनी प्रश्न विचारले, न्यायालयाने दुसरे दोन तज्ज्ञ नेमले, दोन्ही अहवाल उघड तपासले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तो शहाणा आहे असा निकाल दिला. त्याचा वंशद्वेष न्यायालयाच्या नोंदीवर आला. दुसरी तपासणी झाली नसती तर तो एका रुग्णाच्या फाईलमध्ये गाडला गेला असता.

आपण काय करायचे?

घटना घडली की पहिला हट्ट फिर्यादीचा धरा. पुतळा किंवा प्रतिमेची विटंबना असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(टी) आहे, गंभीर गुन्ह्यासाठी ३(२)(व्ही) आहे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असे कलम ८(सी) गृहीत धरते. हे कागदावर आणा.

माथेफिरू हा शब्द पोलिसांच्या तोंडून आला की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या : कोणत्या डॉक्टरने, कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने तपासले? जुने उपचार असतील तर ते घटनेच्या आधीचे आहेत का? न्यायालयाच्या आदेशाने वैद्यकीय मंडळाकडून तपासणी मागा. त्याच अर्जात फोनचे तपशील, समाजमाध्यमावरील खाती, घटनेआधीच्या सभा आणि भाषणे यांचाही तपास मागा. आजाराची चौकशी आणि कटाची चौकशी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

कलम १५ए ने पीडिताला जामिनापासून शिक्षेपर्यंत ऐकून घेण्याचा हक्क दिला आहे. पीडिताला नोटीस देणे आणि ऐकणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. बहुतेक कुटुंबांना हे माहीतच नसते. प्रत्येक तालुक्यात असा एक वकील आणि दोन कार्यकर्ते हवेत, जे तारखेला कुटुंबासोबत उभे राहतील. मोर्चा एक दिवस चालतो, खटला दहा वर्षे चालतो.

आणि आपल्या पोस्टमधून, भाषणांतून वेडा, माथेफिरू, सायको हे शब्द काढून टाका. आरोपीने काय केले, कोणाला निवडले आणि काय बोलला, एवढेच लिहा. त्याचे निदान आपण करायचे नाही, पोलिसांनी करायचे नाही आणि मंत्र्यांनीही करायचे नाही. ते काम डॉक्टरने करावे आणि न्यायालयाने तपासावे. आपले काम हेतू जिवंत ठेवण्याचे आहे. पोचिराम कांबळेंपासून अक्षय भालेरावपर्यंत आपली माणसे ज्या विचाराने मारली गेली, त्या विचाराला रुग्णालयाच्या पलंगाखाली लपू द्यायचे नाही.

जयभीम! जय संविधान!